परदेशच्या नोकरीचे मध्यस्थ
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी बाहेरून कोणी तरी विदुषी येतात, बोलतात आणि आपण ऐकतो. यंदा मंडळाने ठरविले की सभासदांपैकीच दोघीतिघींनी आपापल्या माहितीतल्या विषयावर बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. फणसाच्या साठांवर बोला म्हटले असते तर मला सोपे गेले असते. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही पुतण्याच्या परदेशच्या नोकरीसाठी तीन-चार एजंटांशी एकदम बोलणी चालविलीत. ती कशी निभावलीत ते सांगा. घरोघर तोच प्रश्न आहे." म्हणून उभी राहिले आहे. काही कमीजास्त बोलले तर सांभाळून घ्या.

प्रश्न घरोघर आहे हे मात्र अगदी खरे. आपल्या चिपळुणात आणि आसपासच्या गावांत असे घर विरळा, ज्यातले कोणी ना कोणी पोटापाण्यासाठी बाहेर नाही. आपल्या सासऱ्यांच्या पिढीला मुंबईच्या गिरण्यांनी पोसले. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि आपली मुले आखातात व बोटींवर जाऊ लागली. गिरणीत चिकटवायला गावचाच कोणी जॉबर किंवा मामा असे. त्याला आपण ओळखत होतो, त्याचे घर ठाऊक होते. आता मधला माणूस मुंबईच्या कचेरीत बसतो किंवा नुसता मोबाईलवर बोलतो. त्याचे घर आपल्याला ठाऊक नसते, आणि आपल्याकडून मात्र तो पासपोर्टापासून पाटल्यांपर्यंत सर्व मागतो.

आमच्या घरची गोष्ट थोडक्यात सांगते. धाकटे भावोजी दोन वर्षांपूर्वी गेले. मागे जाऊबाई, एक मुलगा आणि शाळेत जाणारी मुलगी. मुलगा दहावी होऊन आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचे काम शिकला आणि दोन वर्षे मुंबईत एका ठेकेदाराकडे राबला. पण खोलीभाडे आणि खाणावळ भागवून घरी पाठवायला फारसे उरेना. तो म्हणाला, "काकी, मी आखातात जातो." जाऊबाईंचा स्वभाव भिडस्त, कोणी मोठ्याने बोलले तरी मान डोलावणार. आमच्या ह्यांचा पाय दुकानातून निघत नाही. तेव्हा चौकशीचे काम माझ्याकडे आले.

पहिला माणूस आपल्या भागातच भेटला. कोणी तरी सांगितले की अमक्या दुकानाच्या मागे बसतात, त्यांनी पुष्कळ मुले लावून दिली आहेत. नाव मी घेत नाही, घेण्याची गरजही नाही. गृहस्थ बोलायला गोड. चहा मागविला आणि म्हणाले, "सौदीची नोकरी तयार आहे. एक लाख दहा हजार लागतील, रोख. आणि मूळ पासपोर्ट आजच ठेवून जा, नाही तर जागा जाईल." जाऊबाईंनी घरी येऊन कपाट उघडले आणि लग्नातल्या चार तोळ्यांच्या पाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "वहिनी, ह्या मोडू या." भावोजींच्या आजारपणात बाकीचे सर्व गेले होते. एवढेच उरले होते.

मी त्यांना म्हटले, आठ दिवस थांबा. मुलीचे लग्न ठरविताना आपण पहिल्याच स्थळाला होकार देतो का? चार स्थळे बघतो. मुलाचे घर, शेती, स्वभाव, देणेघेणे सर्व विचारतो. सुपारी फुटेपर्यंत दोन ठिकाणी बोलणे चालू असले तर त्यात कोणाला गैर वाटत नाही. सुपारी फुटली की मात्र दुसरीकडे एक शब्द बोलायचा नाही, आणि ज्यांच्याकडे बोलणी चालू होती त्यांना आपण होऊन कळवायचे. नोकरीच्या मध्यस्थांशी मी याच रीतीने वागायचे ठरविले. आज जे सांगणार आहे ते एवढेच आहे, बाकी सर्व तपशील.

पहिला तपशील कायद्याचा. परदेशी नोकरीसाठी माणसे नेण्याचा धंदा कोणालाही करता येत नाही. त्यासाठी १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. एजंटाला केंद्र सरकारकडे नाव नोंदवून परवाना घ्यावा लागतो आणि बँकेची मोठी हमी ठेवावी लागते. मुंबईत उत्प्रवासी संरक्षक नावाच्या सरकारी अधिकाऱ्याचे कार्यालय आहे. परवान्याला क्रमांक असतो. तो कचेरीत दिसेल असा लावायचा असतो आणि जाहिरातीतही छापायचा असतो. हा क्रमांक खरा की खोटा हे घरबसल्या पाहता येते. सरकारचे 'ई-मायग्रेट' नावाचे संकेतस्थळ आहे. त्यावर परवाना चालू असलेले एजंट कोणते, कोणाचा स्थगित आहे, कोणाचा रद्द झाला आहे, याच्या याद्या आहेत. बेकायदा धंदा करणाऱ्यांचीही यादी तेथे आहे. माझ्या मुलीने ती मोबाईलवर पाच मिनिटांत काढून दाखविली.

दुकानामागच्या गृहस्थांना मी क्रमांक विचारला. म्हणाले, "माझा नाही, मुंबईच्या मोठ्या कंपनीचा आहे, मी त्यांचा माणूस." आता परवानेवाल्या एजंटाला असे पोटएजंट नेमण्याची मुभाच नाही. दुसरी गोष्ट पैशांची. एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घ्यावे आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी., असा नियम आहे. म्हणजे सर्व मिळून ३५,४०० रुपये. तेही पावती देऊन. एक लाख दहा हजार आणि तेही रोख, यातच सर्व काही आले. त्या दिवशी पाटल्या कपाटात परत गेल्या.

मग आम्ही मुंबईच्या, परवाना चालू असलेल्या, तीन कचेऱ्या निवडल्या. एकच का नाही, असे मला पुष्कळजणींनी विचारले. कारण सरळ आहे. प्रत्येक एजंटाकडे ठराविक मालकांचीच मागणी असते. एकाकडे सौदीचे काम येते, दुसऱ्याकडे कतारचे. एकाच्याच दारात बसलो तर तो देईल ते घ्यावे लागते, आणि दिलेले चांगले की वाईट हे ताडून बघायला दुसरे काहीच हाताशी नसते. मात्र दहाबारा ठिकाणीही जाऊ नये. कोणाला काय सांगितले याचा मेळ राहत नाही आणि मुलाचे कागद गावभर होतात. तीन पुरे झाले.

दिवाळीच्या फराळाचा हिशेब लिहितो तशी एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक कचेरीला वेगळी पाने. गेलो ती तारीख, बोलणाऱ्याचे नाव, परवान्याचा क्रमांक, मालकाचे नाव, देश, पगार, कामाचे तास, जेवण, खोली, येण्याजाण्याचे तिकीट, कराराची वर्षे. जे विचारून कळले नाही ती जागा मोकळी. मोकळी जागा दिसली की पुढच्या वेळी तोच प्रश्न. तोंडी सांगितलेले सर्व मी त्यांच्यासमोर लिहीत असे. एका कचेरीतला मुलगा हसून म्हणाला, "काकू, तुम्ही तर पोलिसांसारखे लिहिता." मी म्हटले, "बाबा, आमच्याकडे दुधाचाही हिशेब लिहितात."

तिन्ही कचेऱ्यांत मी पहिल्याच दिवशी सांगितले की आम्ही आणखी दोन ठिकाणी बोलतो आहोत. काहीजणी म्हणतात, असे सांगू नये, एजंट रागावतो. माझा अनुभव वेगळा आहे. एक जण रागावला खरा, पण दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. बाकीच्या दोघांनी नुसती मान हलविली. त्यांनाही ठाऊक असते की मुले चार दारे बघतात. लपवून ठेवले आणि पुढे उघडकीस आले, म्हणजे मग राग धरण्याला कारण मिळते. आणि एक पथ्य पाळावे. "दुसरा दोनशे जास्त देतो" अशी खोटी थाप मारून भाव वाढवू नये. भाजीच्या गाड्यावर चालते तसे येथे चालत नाही. हे लोक एकमेकांना ओळखतात.

आता कागदपत्रांविषयी. तीन कचेऱ्या आणि पासपोर्ट एक. कित्येक एजंट मूळ पासपोर्ट पहिल्याच भेटीत मागतात, त्याचे कारण हेच आहे. पासपोर्ट त्यांच्या खणात पडला की मुलगा दुसरीकडे जाऊ शकत नाही. आमच्या माहितीतल्या एका मुलाचा पासपोर्ट असाच पाच महिने अडकला होता. नोकरी नाही ती नाही, आणि परत मागायला गेला तर पंधरा हजार मागितले. त्या काळात त्याला दुसरी चांगली जागा आली होती, ती हातची गेली. बायांनो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो गहाण ठेवण्याची वस्तू नाही. आम्ही सर्वत्र झेरॉक्स प्रतीच दिल्या. प्रत्येक प्रतीवर आडवी रेघ मारून "फक्त नोकरीच्या अर्जासाठी" असे लिहिले, तारीख घातली आणि पुतण्याची सही घेतली. मूळ पासपोर्ट व्हिसाच्या वेळी, निवडपत्र हातात पडल्यावर, पावती घेऊनच दिला. आय.टी.आय.चे मूळ प्रमाणपत्र तर कोठेच ठेवले नाही. दाखविले आणि परत पिशवीत घातले.

वैद्यकीय तपासणीचेही तसेच. आखातात जाण्यापूर्वी ठरलेल्या केंद्रातच तपासणी करून घ्यावी लागते. एका कचेरीने नोकरी ठरण्याआधीच तपासणीला जा म्हणून तगादा लावला. तीन एजंट आणि तीन तपासण्या केल्या तर तेवढ्यातच दहा-पंधरा हजार जायचे. निवडपत्र आल्यावर तपासणी, असे मी सांगून टाकले.

तीन आठवड्यांनी तीन ठिकाणचे प्रस्ताव हातात आले. ते मी तुम्हाला आकड्यांनिशी सांगते, कारण फसगत आकड्यांतच होते.

पहिल्या कचेरीचा प्रस्ताव सौदीचा. पगार १४०० रियाल, सर्व मिळून. काम रोज दहा तास. खोली मालकाची, जेवण आपले.

दुसऱ्या कचेरीचा कतारचा. मूळ पगार १३०० रियाल, जेवणाचे वेगळे ३००, खोली कंपनीची. काम आठ तास, वर केले तर जादा कामाचे वेगळे.

तिसऱ्या कचेरीचा दुबईचा. पगार १६०० दिरहॅम. पण खोदून विचारल्यावर कळले की मूळ पगार ८००, बाकी भत्ते. भत्त्यांतच जेवण आणि खोली.

सौदीचा रियाल, कतारचा रियाल आणि दुबईचा दिरहॅम यांचे भाव जवळजवळ सारखे असतात, कारण तिन्ही डॉलरला बांधलेले आहेत. त्यामुळे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात. पुतण्याचे पहिले लक्ष १६०० वर गेले. जाऊबाई म्हणाल्या, "दुबई बरी वाटते." मी म्हटले, थांबा, त्रैराशिक मांडू या. सातवीत गुरुजींनी त्रैराशिक चांगले घोटून घेतले होते.

सौदीच्या १४०० मधून जेवणाचे तीनशे-साडेतीनशे गेले की हजार-अकराशे राहतात. त्यासाठी रोज दहा तास राबायचे. सौदीच्या कायद्याप्रमाणे आठ तासांवरच्या कामाला दीडपट द्यायला हवे, पण "सर्व मिळून" या दोन शब्दांत ते जादा दोन तास गडप झाले होते. कतारचे पाहा. तेथे १३०० आणि ३०० हातात. समजा मुलाने तेथेही दहा तास काम केले. महिन्याचे दिवस तीस आणि रोजचे तास आठ धरले तर तासाला ५ रियाल ४२ दिरहम पडतात. जादा तासाला कायद्याने निदान २५ टक्के अधिक, म्हणजे पावणेसात रियाल. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज दोन तास, म्हणजे ५२ तास. त्याचे साधारण ३५० रियाल. म्हणजे तेवढ्याच घामाला एकीकडे १४०० आणि दुसरीकडे साडेएकोणीसशे.

आणि दुबई? तेथे जादा कामाचे पैसे मूळ पगारावर मोजतात. मूळ पगार ८०० म्हणजे त्याच ५२ तासांचे दोनशे सतराच्या आसपास. शिवाय नोकरी सुटताना ग्रॅच्युइटी मिळते. पहिली पाच वर्षे दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, असा तेथला कायदा आहे. मूळ पगार ८०० असेल तर वर्षाचे ५६०, १६०० असेल तर ११२०. म्हणून बायांनो, एजंटाने पगार सांगितला की पहिला प्रश्न, "यातला मूळ पगार किती?" आणि दुसरा, "किती तासांचा?" हे दोन प्रश्न विचारले की पुष्कळ गोड बोलणी आपोआप बंद होतात.

कतारमध्ये २०२१ च्या मार्चपासून किमान पगाराचा कायदा लागू झाला आहे. मूळ पगार निदान १००० रियाल, आणि मालक जेवण देत नसेल तर ३००, खोली देत नसेल तर ५०० वेगळे. आमच्या प्रस्तावातले जेवणाचे ३०० म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हती, कायदाच होता. हे माहीत असल्यामुळे बोलताना बळ आले.

आम्ही कतारकडे झुकलो होतो आणि तेवढ्यात एक पेच पडला. दुबईवाल्या कचेरीचा फोन आला, "दुबई नको असेल तर आमच्याकडे कतारचीही चांगली जागा आहे. बायोडाटा आजच पाठवून देतो, फक्त हो म्हणा." पगार शंभर रियाल जास्त सांगितला. पुतण्या हो म्हणणार, इतक्यात मी त्याला थांबविले आणि विचारायला लावले, "मालकाचे नाव काय?" ते नाव सांगायला तयार होईनात. शेवटी सांगितले. वही उघडून पाहिली तर कंपनी तीच, ज्या कंपनीकडे दुसऱ्या कचेरीने आठ दिवसांपूर्वी अर्ज पाठविला होता.

एकाच मुलाचा अर्ज एकाच मालकाकडे दोन एजंटांकडून गेला तर काय होते? मालकाला वाटते, या मुलाचा काही भरवसा नाही. किंवा शुल्कावरून दोन्ही एजंट भांडतात आणि मालक तिसऱ्याच मुलाला घेऊन मोकळा होतो. एका मुलीसाठी एकाच घरी दोन मध्यस्थ गेले तर त्या घरचे लोक काय म्हणतील, तसेच हे. म्हणून नियम असा ठेवावा की आपल्या परवानगीशिवाय आणि मालकाचे नाव सांगितल्याशिवाय कोणीही बायोडाटा पुढे पाठवायचा नाही. हे प्रत्येक एजंटाला पहिल्या भेटीत सांगावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही ठेवावे.

शंभर रियालचा मोह मोठा होता. महिन्याचे शंभर, दोन वर्षांचे चोवीसशे. पुतण्या म्हणाला, "काकी, पहिल्यांना नाही म्हणू या." आम्ही रात्री उशिरापर्यंत बसलो. मी म्हटले, आपला अर्ज ज्यांनी आधी पाठविला त्यांच्याशीच आपण बांधलेले. पण पगाराचे त्यांना सरळ विचारू. दुसऱ्या कचेरीत एक वयस्कर बाई काम पाहत. त्यांना मी फोनवर खरे तेच सांगितले, "याच कंपनीचा पगार दुसऱ्याने १४०० सांगितला. आम्ही त्यांच्याकडून अर्ज पाठविलेला नाही, पाठविणारही नाही. पण खरे काय ते आम्हाला कळू द्या." बाईंनी कंपनीचे मागणीपत्रच दाखविले. एजंटाकडे मालकाचे असे मागणीपत्र असते, त्यात किती माणसे, कोणत्या कामाला, किती पगाराने, हे लिहिलेले असते. ते बघायला मागावे. त्यात इलेक्ट्रिशियनला १३०० च लिहिले होते. जादा शंभर रियाल नुसते तोंडातले होते.

तिसऱ्या कचेरीला आम्ही त्याच दिवशी कळविले की येथे आमचा अर्ज आधी गेला आहे, तुम्ही पाठवू नका. सौदीवाल्यांना निवडपत्र आल्यावर कळविले आणि आभार मानले. ते जरा चिडून बोलले, "आमचा वेळ घेतलात." पुतण्याने ऐकून घेतले. पहिल्याच दिवशी सांगितलेले होते, तेव्हा उत्तर द्यायला काही उरले नव्हते. तिसऱ्या कचेरीने पुढे चार महिन्यांनी आपण होऊन फोन केला आणि विचारले की तुमच्याकडे आणखी कोणी चांगला मुलगा आहे का. नीट सांगून निघालेल्या माणसासाठी दार बंद होत नाही.

पैसे ३५,४०० बँकेतून दिले, पावती घेतली. काही भावोजींच्या मागे मिळालेल्या रकमेतले, काही आमच्या ह्यांनी घातले. करारावर सही करण्यापूर्वी वहीतले पान आणि कराराचा कागद शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. व्हिसाही पाहिला. तो कामाचाच हवा. "आता पर्यटनाच्या व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून घेऊ," असे कोणी म्हटले तर तेथून उठावे. कागदांचा एक संच घरी ठेवला, एक पुतण्याच्या पिशवीत आणि एक त्याच्या मोबाईलमध्ये.

तो जाऊन आता आठ महिने झाले. खोलीत सहा मुले आहेत, उन्हाळा फार कडक आहे आणि गणपतीला त्याची जागा रिकामी होती, हे सर्व खरे आहे. जाऊबाई आरतीला उभ्या राहिल्या आणि मध्येच स्वयंपाकघरात गेल्या. त्याला इलाज नाही. पण ठरले ते मिळते आहे. त्यालाही मी छोटी वही दिली होती. दुसऱ्या महिन्यात जादा कामाचे अकरा तास पगारात कमी आले. त्याच्या वहीत तारीखवार तास होते. त्याने ते दाखविले आणि पुढच्या पगारात भरून मिळाले. पाटल्या जाऊबाईंच्या कपाटात आहेत. आज त्या हातात घालून आल्या आहेत, पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

आता थोडे इतरांच्या उपयोगाचे सांगते.

आमचा पुतण्या दहावी झालेला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर बहुधा उत्प्रवास तपासणी आवश्यक असा शिक्का असतो, त्याला ई.सी.आर. म्हणतात. मी सातवी शिकलेली, म्हणजे माझ्या पासपोर्टावर तो आला असता. असा पासपोर्ट असणाऱ्याला सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, अमिरात, मलेशिया अशा एकूण १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. त्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमाही सक्तीचा आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये किंवा तीन वर्षांचे ३७५ रुपये, आणि दुर्दैवाने अपघाती मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाखांचे संरक्षण. हे कागद काही अडवणुकीसाठी नाहीत. माणूस कोठे, कोणाकडे गेला याची सरकारदरबारी नोंद राहते, ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. "मंजुरी नको, मी दुसऱ्या मार्गाने नेतो," असे म्हणणारा त्या नोंदीतून आपल्या माणसाचे नावच पुसत असतो.

आपल्या मुलींसाठी दोन गोष्टी. असा ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या, तीस वर्षांखालच्या बाईला या १८ देशांत कामासाठी जाण्याची परवानगी नाही, नर्स वगळता. आणि नर्स झालेल्या मुलींना, मग शिक्षण कितीही असो, या देशांत जाण्यासाठी २०१५ पासून उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. तेव्हा "तू शिकलेली आहेस, तुला काही लागत नाही," असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आणि बोटीवर जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे ही मुले पुष्कळ. बोटीचे एजंट वेगळे, त्यांचा परवाना नौवहन महासंचालनालयाचा असतो, त्याला आर.पी.एस.एल. म्हणतात. त्याचाही क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर बघता येतो. तेथे तर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला आहे. स्वतःचा पासपोर्ट, सी.डी.सी. आणि वैद्यकीय दाखला एवढाच आपला खर्च. व्हिसाचा खर्चही जहाजमालकाचा. तरीही चार-चार लाख मोजणारी घरे मला ठाऊक आहेत. दागिने मोडले, जमीन गहाण पडली आणि मुलगा बंदरावर उभा राहून परत आला. मोजणाऱ्याला मी दोष देत नाही. विचारायचे कोणाला, हेच त्या घरांना ठाऊक नव्हते.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. पोलिसांत तक्रार द्यावी, उत्प्रवासी संरक्षकाकडेही लेखी द्यावी. माणूस परदेशात अडकला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तेथे घरच्यांनाही तक्रार नोंदविता येते. या सर्व ठिकाणी पहिले मागतात ते कागद, पावत्या आणि तारखा. वही असेल तर ते सर्व हाताशी असते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या वाचनालयाच्या कपाटात अशी एक वही मंडळाचीच असावी. ज्या घरचा मुलगा किंवा मुलगी बाहेर जाते आहे त्या घरच्या बाईने येऊन त्यात लिहावे. एजंटाचा परवाना क्रमांक, मालक, देश, सांगितलेला पगार, आणि वर्षभराने खरा मिळालेला पगार. दर शनिवारी दुपारी आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींपैकी कोणी तरी मोबाईलवर क्रमांक तपासून द्यावेत. याला वर्गणी लागत नाही. चार एजंटांकडे आपण एकेकट्या जातो तेव्हा त्यांना आपल्याविषयी सर्व ठाऊक असते आणि आपल्याला त्यांच्याविषयी काही नाही. चाळीस घरांनी लिहिलेली एक वही असली तर पुढच्या बाईला पाटल्या काढण्यापूर्वी ती वाचता येईल.

पहिल्या पानावर आमच्या घरचा हिशेब मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो चिटणीसबाईंच्या स्वाधीन करते.